रोवणीच्या दिवसांतील रोख पैसा आणि क्रेडिट कार्डाची उचल

आषाढाच्या सरी पडू लागल्या, बांधीत पाणी साचले आणि पऱ्हे उपटण्याजोगे झाले, की धान उत्पादक शेतकऱ्यास रोख पैशाची जेवढी निकड भासते तेवढी वर्षातील अन्य कोणत्याही काळी भासत नाही. रोवणीची मजुरी रोजच्या रोज द्यावी लागते. चिखलणीच्या ट्रॅक्टरचे भाडे थांबत नाही. खताची पोती वेळेवर आणावी लागतात, आणि मुलांच्या शाळेचा खर्चही याच सुमारास उभा राहतो. उन्हाळ्यात मोहफुलांच्या विक्रीतून व तेंदूपानांच्या तोडणीतून आलेला पैसा मृग नक्षत्र सरेपर्यंत बहुधा संपलेला असतो. नवे धान मात्र दिवाळीनंतरच घरात यावयाचे असते. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल व सावली या चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्यांत, तसेच आरमोरी, देसाईगंज व चामोर्शी या गडचिरोली जिल्ह्यातील भागांत ही चार-पाच महिन्यांची पोकळी प्रत्येक शेतकरी कुटुंबाच्या परिचयाची आहे. वरोरा, भद्रावती, राजुरा व कोरपना येथील कापूस व सोयाबीन पिकविणाऱ्यांची स्थितीही फारशी वेगळी नाही.

ही पोकळी पूर्वी सावकार भरून काढीत असे. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला होता. बाकीचा फार मोठा भाग सावकार व व्यापारी यांच्याकडून येत असे. तेव्हापासून सहकारी संस्था, राष्ट्रीयीकृत बँका व ग्रामीण बँका खेड्यापर्यंत पोहोचल्या आणि १९९८ पासून किसान क्रेडिट कार्डाची योजना सुरू झाली. परंतु अलीकडे आणखी एक साधन गावात शिरले आहे. घरातील एखादा मुलगा चंद्रपूर, बल्लारपूर किंवा नागपूर येथे नोकरीस असतो व त्याच्याजवळ बँकेचे साधे क्रेडिट कार्ड असते. रोवणी अडली, की त्या कार्डावर एटीएममधून दहा-वीस हजारांची रोकड काढून गावी पाठविली जाते. पैसा क्षणात हाती येतो, कोणाच्या दारी जावे लागत नाही, कागदावर अंगठाही उठवावा लागत नाही. म्हणूनच या उचलीचे खरे मोल काय पडते, याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने एकदा मांडून पाहणे अगत्याचे आहे.

एकाच नावाची दोन कार्डे

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. किसान क्रेडिट कार्ड आणि बाजारातील क्रेडिट कार्ड यांच्या नावांत साम्य असले, तरी त्यांच्या स्वभावात महदंतर आहे. किसान क्रेडिट कार्ड हे पीककर्जाचे खाते होय. पिकाचे क्षेत्र व त्या पिकासाठी ठरविलेले कर्जाचे प्रमाण यांवरून त्याची मर्यादा ठरते, व्याजावर शासनाची सवलत मिळते आणि परतफेडीची मुदत पिकाच्या हंगामाशी बांधलेली असते. त्या खात्यातून रोकड काढणे हा त्या कार्डाचा नित्याचा व योग्य उपयोग आहे.

साधे क्रेडिट कार्ड हे दुकानातील खरेदीसाठी दिलेले असते. त्यावर वस्तू खरेदी केली आणि पुढील बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीत भरली, तर साधारणतः ४५ ते ५० दिवसांपर्यंत व्याज पडत नाही. या सवलतीमुळे अनेकांचा असा समज होतो, की रोकड काढली तरी महिना-दीड महिना व्याज लागणार नाही. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. रोख उचलीस बिनव्याजी मुदत नसते. ज्या दिवशी यंत्रातून नोटा बाहेर येतात, त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि संपूर्ण रक्कम फिटेपर्यंत ते दिवसांच्या हिशेबाने चालू राहते.

वीस हजारांच्या उचलीचा हिशेब

या उचलीवर तीन प्रकारचा भार पडतो. पहिला, उचल शुल्क. बहुतेक बँका काढलेल्या रकमेच्या सुमारे अडीच टक्के, परंतु कमीत कमी अमुक रुपये, असे शुल्क घेतात. दुसरा भार व्याजाचा. तो बँकेगणिक निराळा असला, तरी दरमहा ३ ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षास ३६ ते ४५ टक्के, एवढा सामान्यतः आढळतो. तिसरा भार कराचा. शुल्कावर व व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागतो.

समजा, एका शेतकऱ्याने जुलैच्या आरंभी मुलाच्या कार्डावरून २०,००० रुपये काढविले. शुल्क अडीच टक्के व व्याज दरमहा साडेतीन टक्के धरू. शुल्काचे ५०० व त्यावरील कराचे ९० मिळून ५९० रुपये पहिल्याच दिवशी अंगावर बसले. त्यानंतर दर महिन्यास व्याजाचे ७०० व कराचे १२६, म्हणजे ८२६ रुपये वाढत गेले. व्याजावर व्याज धरले नाही आणि दंडही धरला नाही, तरी सहा महिन्यांत ४,९५६ रुपये होतात. त्यात ५९० मिळविले, की वीस हजारांच्या वापराचे मोल ५,५४६ रुपये ठरते.

हीच रक्कम सहा महिन्यांसाठी अन्य मार्गांनी घेतली असती, तर काय पडले असते ते पाहावे:

किसान क्रेडिट कार्डावर ७ टक्के दराने — ७०० रुपये.

त्याच कार्डावर, मुदतीत फेडल्याबद्दलची ३ टक्के सवलत मिळून ४ टक्के दराने — ४०० रुपये.

परवानाधारक सावकाराकडून विनातारण, शेतकऱ्यांसाठी ठरविलेल्या १२ टक्के दराने — १,२०० रुपये.

बेकायदा सावकाराकडून दरमहा शेकडा पाच दराने — ६,००० रुपये.

साध्या क्रेडिट कार्डावर — ५,५४६ रुपये.

या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. गावात ज्या सावकारीचे नाव काढताच लोक कानावर हात ठेवतात, तिच्या अगदी शेजारी हे चकचकीत कार्ड जाऊन बसते. दर शेकडा पाच ऐवजी करासह शेकडा सव्वाचारच्या आसपास, एवढाच काय तो फरक.

किमान रकमेचा भुलावा

याहून मोठा धोका बिलावरील एका लहान ओळीत असतो. बिलावर संपूर्ण येणे रकमेबरोबर ‘किमान देय रक्कम’ छापलेली असते. ती साधारणतः येण्याच्या ५ टक्क्यांच्या आसपास असते. किमान रक्कम भरली, की विलंबाचा दंड टळतो व बँकेचा तगादा थांबतो. त्यामुळे कर्ज फिटत चालले, असे वाटू लागते.

वरील उदाहरणात शेतकऱ्याने दर महिन्यास येण्याच्या ५ टक्के एवढी किमान रक्कम नियमाने भरली असे धरू. पहिल्या महिन्यात तो १,०७१ रुपये भरतो, परंतु शुल्क, व्याज व कर मिळून १,४१६ रुपये झालेले असतात. सबब मुद्दलाला एक पैसाही पोहोचत नाही. दुसऱ्या महिन्यातही तीच गत होते. मुद्दल उतरण्यास आरंभ होतो तो तिसऱ्या महिन्यात. सहा हप्त्यांत मिळून तो सुमारे ६,२५० रुपये भरतो आणि धान कापून घरी येते तेव्हा त्याच्या नावावर अद्याप १९,२५० रुपयांच्या आसपास येणे उभे असते. म्हणजे सव्वासहा हजार भरून मुद्दल साडेसातशेनेही उतरले नाही. एखादा हप्ता चुकला, तर विलंबाचा दंड निराळा.

शिवाय मागील येणे पूर्ण फिटले नसताना त्या कार्डावर नवी खरेदी केली, तर त्या खरेदीची बिनव्याजी मुदतही बहुधा नाहीशी होते. उचल रोवणीसाठी केलेली असते, पण किराण्याच्या खरेदीवरही व्याज चढू लागते.

कायद्याचे संरक्षण कोठवर?

सावकाराच्या बाबतीत शेतकऱ्यास कायद्याचा मोठा आधार आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर भागांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व खते जाळली. त्यानंतर १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. सध्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू आहे. त्याखाली शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जास वर्षाला ९ टक्के व विनातारण कर्जास १२ टक्के असे कमाल दर ठरविण्यात आले. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यास मनाई आहे. विनापरवाना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करावयाची असते. अनुसूचित क्षेत्रांत तर १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित जमातींना होणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार ग्रामसभा व पंचायत यांना देण्याची तरतूद केली आहे. गडचिरोलीच्या ग्रामसभांनी या अधिकाराची जाणीव ठेवणे इष्ट आहे.

परंतु बँकेच्या क्रेडिट कार्डाला हा सावकारी कायदा लागू नाही. म्हणून मुद्दलापेक्षा व्याज अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा नियम तेथे कर्जदाराच्या साहाय्यास येत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा ठरविली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तात्पर्य, कार्डाच्या व्याजाला आज अशी कमाल मर्यादा नाही. तेथे ग्राहकाचे खरे संरक्षण म्हणजे त्याची स्वतःची सावधगिरी होय.

किसान कार्डाचा उपयोग पूर्णपणे करावा

पुष्कळ शेतकऱ्यांची अशी समजूत आहे, की पीककर्ज फक्त बी व खत यांसाठीच मिळते, घरखर्चासाठी अन्यत्र हात पसरणे भागच आहे. ही समजूत बरोबर नाही. २०१२ च्या सुधारित किसान क्रेडिट कार्ड योजनेत पिकाच्या कर्जप्रमाणावर आणखी १० टक्के रक्कम काढणीपश्चात व घरगुती गरजांसाठी आणि २० टक्के रक्कम शेतीसाधनांच्या देखभाल-दुरुस्तीसाठी धरण्यात आली. २०१८-१९ पासून पशुपालन व मत्स्यव्यवसाय यांसाठीही हे कार्ड मिळू लागले. मालगुजारी तलावांत व बोड्यांत मासे पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जासाठी विनातारण मर्यादा दोन लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आली आहे.

तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास केंद्राच्या सवलतीमुळे ७ टक्के व्याज पडते व मुदतीत फेडल्यास ते ४ टक्क्यांवर येते. महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली २०२१-२२ पासून मुदतीत फेडणाऱ्याचा उरलेला व्याजभारही शासन उचलू लागले. थोडक्यात, वेळेवर फेडणाऱ्या शेतकऱ्यास हा पैसा जवळजवळ बिनव्याजी पडतो. मात्र ‘मुदतीत’ या एका शब्दावर सारे अवलंबून आहे. मुदत टळली, की सवलत जाते आणि पुढे व्याजही सहामाही चक्रवाढीने चढू लागते.

या खात्यात व्याज फक्त उचललेल्या रकमेवर व उचलल्या दिवसापासून लागते. म्हणून मंजूर रक्कम जूनमध्येच एकदम काढून घरी ठेवू नये. पऱ्हे टाकताना, रोवणीच्या वेळी व खताच्या दुसऱ्या हप्त्याच्या वेळी गरजेपुरती उचल करावी. घरात ठेवलेली रोकड लग्नकार्यात वा उसनवारीत कधी निघून जाते ते कळतही नाही.

नवे-जुने करण्यातील पाश

मुदत टळू नये म्हणून अनेक शेतकरी कर्जाचे ‘नवे-जुने’ करतात. कोठून तरी चार दिवसांसाठी रक्कम आणून जुने पीककर्ज भरावयाचे आणि नवे कर्ज मंजूर होताच त्यातून ती परत करावयाची, अशी ही रीत. त्यासाठी पूर्वी सावकाराकडे जात, आता कार्डावरील रोकडीचाही मोह होतो.

याही व्यवहाराचा हिशेब पाहावा. ५०,००० रुपये कार्डावरून काढले, तर करासह शुल्क १,४७५ रुपये होते. पंधरा दिवसांत नवे कर्ज हाती आले, तरी करासह व्याज सुमारे १,०३३ रुपये होते. एकूण अडीच हजार. एवढ्या कर्जावर मुदतीत फेडीमुळे वाचणारे वर्षाचे संपूर्ण व्याज ७ टक्क्यांप्रमाणे ३,५०० रुपये असते. म्हणजे शासनाने दिलेल्या सवलतीपैकी बहुतांश रक्कम पंधरवड्यातच हातची गेली. बँकेत कागदपत्रांस विलंब लागून दोन महिने गेले, तर ५,६०५ रुपये पडतात आणि सवलत मिळूनही शेतकरी तोट्यात जातो. यापेक्षा आधारभूत किमतीने विकलेल्या धानाच्या चुकाऱ्यातून काही रक्कम आधीच पीककर्जाच्या खात्यात भरत जाणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठी धानविक्रीची नोंदणी वेळेवर करावी व खाते क्रमांक नीट तपासून द्यावा, म्हणजे चुकारा अडून राहत नाही.

फसवणुकीचा धोका

एटापल्ली, भामरागड वा सिरोंचा तालुक्यातील दूरच्या गावांतून बँकेपर्यंत जाण्यात दिवस मोडतो. म्हणून कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय पडते. कधी शेजारी, कधी कृषी केंद्राचा दुकानदार, कधी यंत्रापाशी मदतीस पुढे आलेला अनोळखी मनुष्य. ही सवय घातक आहे. गुप्त क्रमांक स्वतः सांगितल्यामुळे पैसे गेले, तर बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकासच सोसावे लागते. उलट, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि तीन कामकाजी दिवसांच्या आत बँकेस कळविले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे ग्राहकावर त्याची जबाबदारी येत नाही. फसवणूक होताच बँकेस व १९३० या क्रमांकावर तात्काळ कळवावे.

काही दुकानदार मालाची खोटी खरेदी दाखवून कार्डावर रोकड देतात व त्याबद्दल अडत कापून घेतात. तो व्यवहार नियमबाह्य आहे. कार्ड बंद होण्याची व दुकानदार सांगेल तो आकडा मान्य करावा लागण्याची पाळी त्यात येते.

ज्यांनी उचल केली आहे त्यांनी काय करावे?

१. त्या कार्डाचा पुढील वापर, खरेदीसाठीसुद्धा, ताबडतोब थांबवावा.

२. किमान रकमेवर समाधान मानू नये. हाती येईल ती रक्कम बिलाच्या तारखेची वाट न पाहता भरावी. व्याज दिवसांवर असल्याने दहा दिवस आधी भरलेला पैसा दहा दिवसांचे व्याज वाचवितो.

३. सर्व येणे एकदम भरणे शक्य नसेल, तर कमी दराचे मासिक हप्ते पाडून देण्याविषयी बँकेस लेखी विचारावे. बचत गटातून दरमहा १ किंवा २ टक्क्यांनी कर्ज मिळत असेल, तर त्यातून कार्डाचे येणे फेडून टाकणे अधिक हिताचे आहे.

४. येणे फिटल्यावर कार्ड नको असेल, तर ते बंद करण्यासाठी अर्ज द्यावा. २०२२ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे सात कामकाजी दिवसांत ते बंद झाले पाहिजे, अन्यथा बँकेस दररोज ५०० रुपये ग्राहकास द्यावे लागतात. मागितल्याशिवाय कार्ड देण्यासही त्याच आदेशाने मनाई केली आहे.

५. वसुलीसाठी येणाऱ्यांनी सकाळी ८ च्या आधी व सायंकाळी ७ नंतर दूरध्वनी करू नये व धाकदपटशा करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. बँकेने तक्रारीची ३० दिवसांत दाद घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मे महिन्यातील ग्रामसभेतच हा विषय घ्यावा. रोवणी सुरू झाल्यावर केलेला उपदेश उपयोगी पडत नाही, कारण तोवर गरजवंताने उचल केलेली असते. गावातील किती खातेदारांचे किसान कार्ड चालू आहे, कितींचे थकीत आहे व कितींना अद्याप मिळालेलेच नाही, याची यादी करावी. वनहक्काचे दावे मान्य झालेल्या कुटुंबांकडे विशेष लक्ष द्यावे. जून उजाडण्यापूर्वी बँकेच्या वा सेवा सहकारी संस्थेच्या सचिवांस गावात बोलावून अर्ज भरून घ्यावेत. वीस हजारांचा वर दिलेला हिशेब फळ्यावर खडूने मांडून दाखवावा. शेतकरी हिशेबाला कच्चा नसतो. पायली-कुडवाचा व्यवहार तो तोंडी करतो. आकडे त्याच्यापुढे कोणी उघडे करून ठेवलेले नसतात, एवढेच.

तेंदूच्या फळीवर मजुरी मिळते, त्या दिवसांतच प्रत्येक कुटुंबाने रोवणीच्या मजुरीपुरती रक्कम टपाल खात्यात वा बचत गटात बाजूला ठेवावी. बियाण्याचे धान जसे उपास पडला तरी कोठीतून काढीत नाहीत, तसा हा रोवणीचा पैसा मानावा. मग आषाढात कोणाच्या कार्डाकडे पाहण्याचा प्रसंग येणार नाही आणि पुंजण्यातील धान चुरून झाल्यावर त्याचे मोल व्याजात न जाता घरातच राहील.